गाळणी थकते त्या दिवशी

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, तेव्हापासून ‘इंधनघट’ (फ्युएल सेल, म्हणजे इंधन न जाळता रासायनिक क्रियेने त्यातून थेट वीज काढणारे साधन) हा शब्द प्रयोगशाळेच्या बाहेर पडला आणि पाठोपाठ बायोगॅसवर चालणाऱ्या इंधनघटांची चर्चाही सुरू झाली. गोठ्यातील शेण, बाजार समितीतील सडका भाजीपाला, साखर कारखान्याची मळी आणि शहरांचे मैलापाणी यांपासून मिळणारा वायू इंजिनात जाळण्याऐवजी इंधनघटात घालून थेट वीज करावी का, असा तो प्रश्न आहे. प्रश्न महत्त्वाचा आहे. पण तो ज्या रीतीने मांडला जातो, ती पाहून काळजी वाटते. एका बाजूची मंडळी साठ टक्के कार्यक्षमतेचा आकडा पुढे करतात आणि तिथेच थांबतात. दुसऱ्या बाजूची मंडळी ‘गंधकाने इलेक्ट्रोड मरतो’ एवढेच वाक्य उच्चारून विषय मिटवतात; इलेक्ट्रोड म्हणजे घटातील तो थर, जिथे ही वीज देणारी क्रिया घडते. साठ टक्के हा नव्या घटाचा, शुद्ध वायूवरचा, पहिल्या काही दिवसांचा आकडा आहे. आणि इलेक्ट्रोड मरतो हे खरे असले, तरी कोणता इलेक्ट्रोड, किती गंधकाने, किती तासांत, आणि गंधक थांबल्यावर तो पुन्हा उभा राहतो की नाही, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्यातून काय ठरवायचे?

माझे म्हणणे असे आहे की बायोगॅसच्या इंधनघटाबाबतचा निर्णय कार्यक्षमतेवर नव्हे, इलेक्ट्रोडच्या टिकाऊपणावर व्हायला हवा. आणि हा टिकाऊपणा घटाच्या सर्वांत वाईट दिवशी तपासला पाहिजे. वायूतील गंधक काढणारी गाळणी थकली आहे, वायूत गंधक वाढले आहे, मध्येच वीज गेली आहे, अशा दिवशी जो इलेक्ट्रोड थोडा मंदावतो आणि दोन दिवसांनी पूर्ववत होतो, तो आपल्या कामाचा. सार्वजनिक पैसाही तशा इलेक्ट्रोडच्या शोधावर आणि खऱ्या वायूवरच्या प्रदीर्घ, कंटाळवाण्या चाचण्यांवर खर्च झाला पाहिजे.

आधी एक गोंधळ दूर करतो. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये जी हायड्रोजन बस दाखवण्यात आली, तिच्यातील इंधनघट शंभर अंशांच्या आतल्या तापमानावर चालणाऱ्या जातीचा. त्यात प्लॅटिनम लागते आणि दशलक्षात दहा भाग कार्बन मोनॉक्साइडही त्या प्लॅटिनमला पेलत नाही. बायोगॅसच्या विरोधात दिले जाणारे अर्धे पुरावे या जातीचे असतात. बायोगॅससाठी खरा विचार करावा लागतो तो घन-ऑक्साइड इंधनघटाचा. तो सातशे ते साडेआठशे अंशांवर तापलेला असतो, त्यात प्लॅटिनम नसते आणि कार्बन मोनॉक्साइड त्याला विष नसून इंधन आहे. बायोगॅसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन आणि उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. गाडीसाठी वायू दाबून भरायचा, तर हा कार्बन डायऑक्साइड खर्च करून काढून टाकावा लागतो. तापलेल्या घटात मात्र तोच मिथेनशी संयोग पावून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, म्हणजे एरवी अडगळ ठरणारा घटक येथे कामाला लागतो. या घटाला आणि या वायूला एकमेकांशी जुळवून पाहावे असे वाटते, ते या कारणाने.

जुळत नाही ते इंधनाच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे अॅनोडवर. हा अॅनोड निकेल आणि यिट्रियायुक्त झिर्कोनिया नावाचे सिरॅमिक यांच्या सच्छिद्र मिश्रणाचा असतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील स्पॅसिल यांना त्याचे पेटंट १९७० मध्ये मिळाले आणि अर्धशतक उलटून गेल्यावरही बहुतेक घटांत तोच वापरला जातो. निकेल स्वस्त आहे, वीज उत्तम वाहते आणि मिथेनमधील कार्बन-हायड्रोजनचा बंध सहज तोडते. अडचण या शेवटच्या गुणातच आहे. तोडलेला कार्बन वेळेवर जळून गेला नाही, तर तो निकेलच्या कणात विरघळतो आणि दुसऱ्या बाजूने तंतूच्या रूपाने बाहेर पडतो; हा तंतू वाढताना निकेलचा कण जागेवरून उचलला जातो आणि कालांतराने अॅनोडची भुकटी होऊ लागते. मिथेनपेक्षा कार्बन डायऑक्साइड कमी असलेल्या आपल्या नेहमीच्या बायोगॅसमध्ये, वेगळी वाफ दिली नाही तर, काजळीचा हा धोका कायम असतो. गंधकाचे वर्तन निराळे आहे. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू निकेलच्या पृष्ठभागावर ठाण मांडून बसतो आणि मिथेनला जागाच उरत नाही. दशलक्षात एक-दोन भाग एवढ्या गंधकानेही घटाचा विद्युतदाब (व्होल्टेज) काही मिनिटांत उतरताना दिसतो. शेणाच्या वायूत मात्र शेकडो ते काही हजार भाग हायड्रोजन सल्फाइड असते, आणि स्पेंटवॉशपासून, म्हणजे मद्यार्क कारखान्याच्या सांडपाण्यापासून, मिळणाऱ्या वायूत ते थेट टक्क्यांत मोजावे लागते.

तिसरा मृत्यू मी स्वतः चिमट्यात धरून पाहिला आहे. भट्टीतून आलेली घटाची नवी चकती हिरवी असते, कारण तिच्यातील निकेल तेव्हा ऑक्साइडच्या रूपात असते. घटात बसवून तिला हायड्रोजन दिला की ती राखाडी होते. आता तिच्यात धातूचे निकेल आहे. एकदा रात्री वीज गेली, इंधनाचा प्रवाह थांबला आणि तापलेल्या घटात कडेने हवा शिरली. सकाळी घट उघडला तेव्हा राखाडी चकतीच्या काठावर हिरवी झाक परतलेली होती आणि मधल्या पांढऱ्या थरावर केसासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या. निकेलचे ऑक्साइड होताना त्याचे आकारमान सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढते. शेजारचा तो पांढरा थर इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे इंधन आणि हवा यांना वेगळे ठेवणारा, आणि तो असतो जेमतेम दहा मायक्रॉन जाडीचा; तो हा ताण सोसेल कसा? त्या चकतीने आदल्या दिवसापर्यंत अतिशय सुरेख आलेख दिले होते. संशोधन-लेखात तेच आलेख छापले जातात. त्या रात्रीची नोंद होत नाही.

वायूने पदार्थ खाल्ला आणि योजना बसली, असे आपल्याकडे पूर्वीही घडले आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकापासून गोबर गॅसचा तरंगत्या टाकीचा नमुना गावोगाव पोहोचवला. माझ्या मामांच्या वस्तीवर तशी टाकी होती. पत्र्याची ती मोठी घमेल्यासारखी उपडी टाकी वायू भरला की वर येई आणि स्वयंपाक झाला की खाली बसे. दर वर्षी मृगाच्या आधी मामा ती खरवडून तिला काळा रंग देत. शेणकाल्याची पातळी जिथे लागते त्या पट्ट्यावर त्यांचा हात जास्त वेळ फिरे, कारण पत्रा तिथेच पोखरला जायचा. एका वर्षी आजारपणामुळे रंग राहून गेला आणि पुढच्या हिवाळ्यात त्या पट्ट्यावर बोटभर भोक पडले. गावोगावचे गोबर गॅस बंद पडण्याची कारणे अनेक होती: जनावरे कमी झाली, शेण पुरेना, सिलिंडर आला. परंतु गंधकाने आणि ओलीने खाल्लेली टाकी हे त्यांतले एक मोठे कारण होते, आणि त्यावरचा उपाय अधिक वायू देणारे जिवाणू शोधून सापडला नाही. १९७८ मध्ये जनता आणि १९८४ मध्ये दीनबंधू हे नमुने आले, त्यांनी पत्र्याची टाकीच काढून टाकली आणि विटांचा बंदिस्त घुमट दिला. घुमटात वायूचा दाब एकसारखा राहत नाही, बांधकामात चूक झाली तर गळती होते, म्हणजे काही गुणांत तो तरंगत्या टाकीपेक्षा उणाच आहे. तरी तो पसरला, कारण त्याला दर वर्षी रंग देणारा मामा लागत नाही.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मी आता घेतो, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इलेक्ट्रोड कशाला बदलता, वायूच स्वच्छ करा, असे ते म्हणतात, आणि त्यांच्यापाशी इतिहासाचा भक्कम दाखला आहे. मोटारींच्या धुरासाठी उत्प्रेरक बसवायचे ठरले, तेव्हा पेट्रोलमधील शिसे त्या उत्प्रेरकाला मारत होते. शिसे सोसणारा उत्प्रेरक शोधत बसण्यापेक्षा जगाने पेट्रोलमधून शिसेच काढले. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून बिनशिशाचे पेट्रोल आले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. शिवाय निकेल शुद्ध वायूवर किती टिकते याचाही पुरावा आहे. जर्मनीतील युलिश संशोधन केंद्रात २००७ मध्ये सुरू केलेला घटसंच २०१९ पर्यंत, म्हणजे एक लाख तासांच्या घरात, सातशे अंशांवर चालला. इटलीत ट्यूरिनजवळ कोलेन्यो येथील मैलापाणी केंद्रात २०१७ पासून सक्रिय कोळशाने गाळलेल्या वायूवर इंधनघट चालवून दाखवण्यात आले. मैलापाण्याच्या वायूत शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधनांतून आलेली सिलिकॉनची संयुगे असतात. ती जळली की त्यांची वाळू होते. तीही तेथे गाळली गेली. मग अडले कुठे?

शिशाच्या दाखल्यातच त्याचे उत्तर आहे. पेट्रोलमध्ये शिसे माणसाने घातले होते, ते घालणे थांबवता आले. शेणातील आणि अन्नातील गंधक प्रथिनांतून येते. ते न घालण्याचा पर्याय नाही. शिसे वगळण्याचे काम देशातील मोजक्या शुद्धीकरण कारखान्यांत झाले. बायोगॅस मात्र ज्या गोठ्यात तयार होतो त्याच गोठ्यात गाळावा लागणार, आणि असे गोठे हजारो. काल्यात आज कोबीची पाने जास्त पडली, उद्या डाळीचा कोंडा पडला, थंडीत जिवाणू मंदावले, तर गंधकाचे प्रमाण रोज निराळे असते. मोठ्या केंद्रात वायूतले दूषित घटक सतत मोजणारे यंत्र बसवता येते आणि ते वाचणारा अभियंता ठेवता येतो. तीस जनावरांच्या गोठ्यात लेथवरचा लोखंडाचा कीस भरलेला एक पिंप असतो आणि तो काळा पडला की बदलायचा असतो. तो ज्या दिवशी बदलायचा राहतो, त्याच दिवशी इलेक्ट्रोडची परीक्षा असते. याहून बोलका आकडा आपल्याच मानकात आहे. गाडीत भरायच्या बायोगॅससाठी भारतीय मानकाने गंधकाची कमाल मर्यादा घनमीटरला २० मिलिग्रॅम ठरवली आहे. हायड्रोजन सल्फाइडच्या हिशेबात ती दशलक्षात सुमारे चौदा भाग होते. म्हणजे मानकाच्या कसोटीला उतरलेला, गाडीसाठी उत्तम ठरलेला वायूसुद्धा निकेलच्या अॅनोडला अनेक पटींनी घाणेरडा आहे. युलिशचा विक्रम मला मनापासून आदरणीय वाटतो, पण तो हायड्रोजनवरचा आणि निगराणीतला विक्रम आहे. घडण चांगली असेल तर घट दहा वर्षे टिकू शकतो एवढे त्याने सिद्ध केले. शेणाच्या वायूवर टिकेल असे त्याने म्हटलेलेच नाही.

तेव्हा वायू गाळू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. गाळणी हवीच. हजार भागांचे दहा भाग करणे स्वस्त आहे आणि ते गाळणीनेच करावे. दहाचे शून्य करणे आणि ते शून्य बाराही महिने टिकवणे महाग आहे, आणि तो शेवटचा टप्पा इलेक्ट्रोडने स्वतःच्या अंगावर घ्यावा.

‘मग दाखवा असा इलेक्ट्रोड,’ हा पुढचा आक्षेप, आणि तोही मोघम नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गॉर्ट आणि व्होस यांच्या गटाने २००० साली निकेलच्या जागी तांबे आणि सेरिया (सेरियम धातूचे ऑक्साइड) वापरून हायड्रोकार्बन थेट चालवून दाखवले. तांबे काजळी धरत नाही. परंतु ते १०८५ अंशांवर वितळते, त्यामुळे घटाच्या तापमानावर त्याचे कण एकमेकांत मिसळून मोठे होत जातात. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ताओ आणि आयर्विन यांनी २००३ मध्ये लँथेनम, स्ट्रॉन्शियम, क्रोमियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचा अॅनोड मांडला. हवा शिरली तरी तो फुटत नाही. मात्र इंधनाच्या सान्निध्यात तो वीज निकेलइतकी वाहत नाही. या सगळ्याला वीस वर्षे होऊन गेली आणि बाजारात अजून मुख्यतः निकेलच आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हे पदार्थ मागे का पडले, ते पाहा. त्यांना निकेलशी त्याच्याच आखाड्यात, शुद्ध हायड्रोजनवर, पहिल्या शंभर तासांच्या शक्तीच्या आकड्यावर झुंजायला लावले गेले. तिथे निकेलच जिंकणार.

अमोनियाच्या इतिहासात हीच निवड एकदा फार विचारपूर्वक झाली होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबर यांनी १९०९ मध्ये ज्या उत्प्रेरकांवर अमोनिया करून दाखवला, त्यांत ऑस्मियम अतिशय क्रियाशील होते. बीएएसएफ कंपनीत मिटाश यांनी त्यावर समाधान न मानता पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे अडीच हजार पदार्थ तपासले आणि अखेर अल्युमिना व पोटॅशियम मिसळलेल्या लोखंडावर बोट ठेवले. ते स्वस्त होते, मुबलक होते आणि वर्षानुवर्षे चालत होते. त्याच चाचण्यांत गंधकासारखी कोणती द्रव्ये उत्प्रेरकाला मारतात याचीही पद्धतशीर नोंद झाली. जर्मनीतील ओपाउचा अमोनियाचा कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला तो या लोखंडावर, आणि आज जगभरच्या युरियासाठी लागणारा बहुतेक अमोनिया त्याच्याच वंशातील उत्प्रेरकांवर तयार होतो. सर्वांत तेज पदार्थ निवडला असता, तर ऑस्मियमचा जगातला सगळा साठा एकाच कारखान्यात संपला असता.

आपल्या प्रश्नातही असे उमेदवार आता दिसू लागले आहेत, आणि त्यांच्यासाठी निकेलला हद्दपार करावे लागत नाही. पहिला मार्ग झिर्कोनियाच्या जागी गॅडोलिनियमयुक्त सेरिया घेण्याचा. सेरिया स्वतः ऑक्सिजन धरते आणि सोडते. निकेलवर काजळी किंवा गंधक बसू लागले की शेजारून ऑक्सिजन पुरवून ती जागा मोकळी करायला मदत करते. ब्रिटनमधील सेरेस कंपनीचे घट सेरियावरच उभे आहेत, म्हणजे हा पदार्थ केवळ कागदावरचा नाही. सेरियम आपल्याला परकेही नाही: केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ते आहे. दुसरा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो. निकेल बाहेरून मिसळण्याऐवजी ते ऑक्साइडच्या स्फटिकातच विरघळवून ठेवायचे आणि घट सुरू होताना त्याचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर उगवू द्यायचे. आयर्विन यांच्या गटाने २०१३ आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात असे कण अर्धे पृष्ठभागात रुतलेले दिसतात. सोनार हिरा नुसता चिकटवत नाही, कोंदणात बसवतो. तसे हे कण बसलेले असतात. बसवलेला कण सरकत नाही, त्यामुळे दुसऱ्या कणात मिसळत नाही. आणि कार्बनच्या तंतूला त्याला खालून उचलता येत नाही, त्यामुळे काजळी आली तरी अॅनोडची भुकटी होत नाही. गंधकाविरुद्धचे काम येथे अजून अपुरे आहे, हे खरे. पण सर्वांत घातक मृत्यू टळतो, ही काय लहान गोष्ट झाली?

आता इंजिनाविषयी. लहान गॅस इंजिन जेमतेम पंचवीस-तीस टक्के वीज देते. गंधक त्याचेही तेल खराब करते. तरी ते तेल तालुक्याच्या गावी मिळते, मिस्त्री मोटरसायकलवरून येतो आणि संध्याकाळी इंजिन चालू होते. इंधनघटाचा फुटलेला थर कोणताही मिस्त्री सांधू शकत नाही. म्हणून आजच्या घडीला वीस-पंचवीस जनावरांच्या गोठ्याने इंधनघट घ्यावा, असे मी म्हणणार नाही. त्याने चूल पेटवावी, फार तर इंजिन चालवावे. मुंबईत सात ठिकाणी उभी राहत असलेली नवी मैलापाणी केंद्रे, मोठ्या दूध संघांचे प्रकल्प आणि शहरांच्या बाजार समित्या या ठिकाणी आधी प्रयत्न व्हावा. मैल्यापासून वायू मिळवण्याचा प्रयोग याच मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला होता. त्या शहराला हे काम नवे नाही. पण दुरुस्त होत नाही ते यंत्र टिकावेच लागते, आणि म्हणूनच इंजिनाचा हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरोधात न जाता त्याला बळ देतो.

हिशेब करून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. दर हजार तासांना एक टक्का शक्ती घटणारा घट पाच वर्षांत त्रेचाळीस-चव्वेचाळीस टक्के गमावतो, म्हणजे कार्यक्षमतेत इंजिनावर मिळवलेली बहुतेक आघाडी तो हरवून बसतो. हजार तासांना ०.२ टक्के घटणारा घट त्याच काळात नऊ टक्केही गमावत नाही, मग तो पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाने कमी वीज देत असला तरी पाचव्या वर्षी पुढे असतो. या दोन घटांतला फरक तीनशे-पाचशे तासांच्या चाचणीत जवळजवळ दिसतच नाही, आणि पाचशे तास म्हणजे अवघे तीन आठवडे. त्यातही वायू बाटलीतला असतो, साठ भाग मिथेन आणि चाळीस भाग कार्बन डायऑक्साइड मोजून मिसळलेला, ज्याने ना शेण पाहिले ना पावसाळा.

कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत घन-ऑक्साइड घट घडवण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी वेगळ्या जातीचा का होईना, इंधनघट उभा करून २०२१ मध्ये जमिनीवर चालवून दाखवला. घडवणारे हात देशात आहेत. त्यांना जो पैसा दिला जाईल, त्याच्या करारात अट अशी असावी: घट दहा हजार तास, म्हणजे जवळजवळ चौदा महिने, एखाद्या गोशाळेच्या किंवा मैलापाणी केंद्राच्या प्रत्यक्ष वायूवर चालला पाहिजे. त्या काळात गाळणी किमान चार वेळा मुद्दाम काढून ठेवावी, इंधन पूर्वसूचना न देता किमान वीस वेळा बंद करावे, आणि प्रत्येक वेळी शक्ती किती उतरली, किती तासांनी परत आली, किती परत आलीच नाही, याची नोंद जशीच्या तशी प्रसिद्ध व्हावी. फुटलेल्या चकत्यांची छायाचित्रेही त्यात असावीत, हिरव्या पडलेल्या काठांसकट.